पहिलं अक्षर

शिंपीकाम करणाऱ्या वडिलांना झटका आला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, जीभ मात्र हटून बसली. पहिलं अक्षर निघायचं आणि गाडी तिथेच अडायची.

पण घरात धाकटी होती ना! शाळेपासून हुशार. समोरच्याचं वाक्य मध्येच पकडून पुरं करायची तिला भारी हौस. वडिलांनी ‘पा’ म्हणायचा अवकाश, की पाणी हजर. ‘च’ म्हटलं की चष्मा नाकावर. येणारे-जाणारे तोंडात बोटं घालायचे, आणि धाकटी वरवर संकोचून आतून फुगायची. थोरली बिचारी ढ. तिला काही म्हणता काही ओळखता यायचं नाही. ती आपली वडिलांजवळ शर्टांची काजं करत बसायची.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. या खेपेला त्यांनी धाकटीला बाहेरच्या खोलीत बसवून स्पष्टच सांगितलं, की वडिलांनी प्रयत्नच सोडलाय, असंच चाललं तर उरलंसुरलं बोलणंही जाईल. धाकटीने लगेच व्यायाम वाढवू का विचारलं.

“त्यापेक्षा त्यांना वाक्य पुरं करू देता का घरात?” बाई म्हणाल्या.

ती उत्तर देणार, तेवढ्यात आतून वडिलांचा आवाज आला.

“बाही...” बराच वेळ काहीच नाही. “लांब... झाली.” पुन्हा शांतता. “उसव.”

“बरं, बाबा,” थोरली म्हणाली.

धाकटीला आठवलं. मागे एकदा ‘च’ म्हणताना त्यांना चादर हवी असणार. तिने चष्मा चढवला, त्यांनी मुकाट्याने मान डोलावली आणि दुपारभर ते चष्मा लावून कुडकुडत पडले होते. तिने तोंडचा घास काढावा तसे त्यांचे शब्द काढून घेतले होते, वर त्याचं कौतुकही करून घेतलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

बाई गेल्या, थोरली स्वयंपाकाला लागली, तेव्हा ती वडिलांसमोर जाऊन बसली.

“ता...” वडील म्हणाले, आणि सवयीने थांबले. तीच ओळखेल म्हणून.

तिने ओळखलं होतंच. तरी ओठावर आलेला शब्द तिने गिळला आणि बसून राहिली. वडील गोंधळले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“ताईला... बोलाव.”

“बोलावते, बाबा,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे गेली.