मागच्या खांबावरची लाइन

अभिमन्यूने राउटरची वायर उपटली आणि पुन्हा खुपसली. दोन्ही हिरवे दिवे लागले. लॅपटॉपवरचा इंटरनेटच्या वेगाचा आकडा चढत चढत अडतीसपर्यंत गेला, तिथे घुटमळला आणि अकरा वाजण्याच्या सुमारास सातवर येऊन बसला.

"आयला ह्याच्या!" त्याने टेबलावर मूठ आपटली.

उद्या याच वेळेला कंपनीची चाचणी होती. पुण्याच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं होतं. घरूनच काम करायचं असेल तर अर्धा तास सलग चाळीस एमबीचा वेग दाखवा, नाही तर सोमवारी हजर व्हा. सोमवारी हजर व्हायचं म्हणजे आबासाहेबांना, त्याच्या वडिलांना, सोलापुरात एकटं सोडायचं. गेल्या साली रक्तातली साखर एकदम घसरून ते मोरीत पडले होते आणि कुणाला कळेपर्यंत दुपार झाली होती. तेव्हापासून अभिमन्यू इथेच होता. होटगी जंक्शनवर तीस वर्षं काढलेला माणूस पुण्याच्या सातव्या मजल्यावर जायला तयार नव्हता.

एका लाइनीने भागेना म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. सात रस्त्यावरच्या दुकानातून दोन्ही लाइनी एकत्र बांधणारा राउटर आणला. 'वेगाची बेरीज होणार साहेब,' असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. पहाटे व्हायचीही बेरीज. पण गल्लीतले क्लास आणि ऑफिसं उघडली की दोन्ही लाइनी एकदमच मान टाकायच्या. शेवटी त्याने दोन्ही कंपन्यांकडे तक्रार केली. पहिल्या कंपनीने कल्लप्पा वायरमनला पाठवलं. आज दुसऱ्या कंपनीनेही कल्लप्पालाच पाठवलं.

"दोन्हीचा मानूस मीच हाय की," खांद्यावरची शिडी उतरवत कल्लप्पा म्हणाला.

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं? दोन्ही वायरी म्होरल्या खांबावरच्या एकाच डब्यातनं येत्यात. डब्यावर लोड आला की दोन्ही गप."

हसावं की रडावं हे अभिमन्यूला कळेना. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते हेच.

ओट्यावर बसलेल्या आबासाहेबांनी पेपरातून मान वर काढली नाही. "डबल लाइन टाकली आन् पूल एकेरीच ठिवला, तर गाडी पुलाला थांबणारच की."

"आबा, तुम्ही गप्प बसा हो जरा." तो कल्लप्पाकडे वळला. "उपाय सांगा."

"मागल्या गल्लीतला खांब मोकळा हाय. एक लाइन तिकडनं घ्या. फकस्त वायर चनबसप्पांच्या गच्चीवरनं आणावी लागंल. त्यांनी व्हय म्हटलं की अर्ध्या तासाचं काम."

पेपराची सळसळ थांबली.

चनबसप्पांचं घर मागच्या भिंतीला लागूनच होतं. भिंतीला तडा जातोय म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यांनी अभिमन्यूच्या आईने लावलेलं शेवग्याचं झाड न विचारता तोडलं. आई तेव्हा दवाखान्यात होती. ती परत आली नाही. त्या घराची पायरी माझ्या घरातलं कुणी चढायचं नाही, असं आबासाहेबांनी तेव्हाच बजावलं आणि मागच्या दाराला कडी घातली. ती पुन्हा निघालीच नाही.

कल्लप्पा गेल्यावर अभिमन्यूने विचारलं, "आबा, मी विचारून येऊ?"

"न्हाय."

"दोन मिनिटांचं तर काम आहे."

"न्हाय म्हटलं न्हवं? त्यापरीस जा की पुण्याला. मला काय हुतंय? मी काय ल्हान हाय?"

अभिमन्यूला ते लागलं. ज्यांच्यासाठी महिनाभर वायरींशी झटापट केली, त्यांना तो गेला काय नि राहिला काय, सारखंच होतं. संध्याकाळी त्याने कपाटातून बॅग काढली आणि चार शर्ट कसेबसे आत कोंबले. आबासाहेबांनी ते पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी तो उठला तेव्हा ओट्यावर पेपर पडून होता, चपला नव्हत्या. दहा वाजले तरी आबासाहेबांचा पत्ता नाही. फोन घरातच वाजत होता. तो शोधायला निघणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ साहेब, वायर धरा की!"

मागचं दार सताड उघडं होतं. कडीचा गंज फरशीवर सांडला होता. चनबसप्पांच्या गच्चीवरून कल्लप्पा काळी वायर खाली सोडत होता.

अकराला चाचणी सुरू झाली. आकडा एकसष्टवर गेला आणि अर्धा तास तिथेच राहिला. 'ओके' असा निरोप आला तेव्हा अभिमन्यूने लॅपटॉप मिटला आणि तो बाहेर आला. आबासाहेब ओट्यावर पेपर उघडून बसले होते.

"आबा, काय म्हणाले ते?"

"काय म्हननार? दारातच 'बर्री, बर्री' म्हनत आत घेतलं. बसवलं. च्या दिला."

"घेतलात?"

"घेतला की. त्याच्या बायकुनं, पार्वतम्मानं केलता. लई गोड हुता."

"साखरेचा?"

"नऊ वर्सांनी गेलेल्या मानसानं बिनसाखरेचा मागायचा व्हय रं?"

अभिमन्यू आत गेला. त्याने साखर तपासायचं यंत्र आणलं आणि तो शेजारी बसला. आबासाहेबांनी पेपर बाजूला ठेवला आणि न सांगताच बोट पुढे केलं.