अकरा रुपयांची पावती

पुलियावर बसलेला माणूस माझाच नवरा निघाला. बसच्या खिडकीतून आधी मी स्कूटर ओळखली, मग डबा, आणि शेवटी माणूस. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. पाचला कारखाना सुटल्यावर अडीच तास ओव्हरटाइम करून रात्री घरी येणारा माझा नवरा खमरियाच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या पुलाच्या कठड्यावरून पाय खाली सोडून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या ट्रककडे बघत होता.

मी कंडक्टरला ओरडून बस थांबवली, पाच वर्षांच्या प्रतिमाला कडेवर घेतलं आणि उतरले. त्याने मला पाहिलं, पण उठला नाही. पकडलेला माणूस निदान दचकतो तरी. हा आपला डब्याचं झाकण बोटाने गोल गोल फिरवत राहिला.

"काहून बसले इथं?" मी विचारलं.

"हवा खाऊन राहिलो."

"कधीपासून?"

त्याने प्रतिमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिवाळीपासून," म्हणाला.

नवऱ्याचं नाव रत्नाकर. सासूबाईंना मी नाव घेतलेलं आवडत नाही, पण सांगायचंच आहे तर सरळ सांगते. दिवाळीत त्याच्या सेक्शनचा ओव्हरटाइम बंद झाला होता. आमच्या गल्लीतले दुसरे लोक दुसऱ्या सेक्शनमध्ये, त्यांचा चालू होता, म्हणून मला पत्ता लागला नाही. आणि मार्च संपत आला तरी हा दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या हातात अकराशे रुपये ठेवत होता. ओव्हरटाइमचे.

ते कुठून आणले, हे त्याने पुलियावरच सांगितलं. कारखान्याच्या गेटसमोर मिठाईच्या दुकानात एक म्हातारा बसतो. सगळे त्याला दद्दा म्हणतात. शंभराला महिन्याचे दहा. तारण म्हणून तो बँकेचं पासबुक ठेवून घेतो आणि पैसे काढायच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतो. पाच महिन्यांचे साडेपाच हजार, व्याजावर व्याज चढून सात हजार तीनशे सत्त्याऐंशी झाले होते. एक तारखेच्या पगारातून दद्दा आता स्वतःच हात घालणार होता.

मला राग आला तो कर्जाचा नाही. कर्ज कोणाला होत नाही? राग याचा आला की पाच महिने पुलियावर बसून येणाऱ्या माणसाला मी दारात पाण्याचा तांब्या देऊन 'लई थकले असाल ना' असं विचारत होते, आणि तो हो म्हणत होता.

"मले सांगता नाही येत होतं?" मी म्हटलं.

"पैसे हातात ठेवले का तू अशी खुश दिसे," तो म्हणाला. "मले वाटे, पुढच्या महिन्यात चालू होईल. दर महिन्याले तेच वाटे."

यावर भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण प्रतिमाला भूक लागली होती. डब्यात एक पोळी उरली होती. ती तिला तिथेच खायला दिली आणि आम्ही तिघं स्कूटरवर बसून उजेडातच घरी आलो.

आता दोष एकट्याचा नव्हता, हेही सांगायला पाहिजे. कारखान्यातल्या लोकांची ही जुनी खोड आहे. पगार विचारला की ओव्हरटाइम धरून सांगायचा. माझ्या वडिलांना गोंदियात हे हिंदी मुलखातलं स्थळ सांगितलं तेव्हाही आकडा ओव्हरटाइम धरूनच सांगितला होता. स्कूटरचा हप्ता बांधला तो ओव्हरटाइमवर, टीव्हीचा बांधला तो ओव्हरटाइमवर, आणि स्कूटर घ्या म्हणून मागे लागणारी मीच होते. या पाच महिन्यांत मी मिक्सर घेतला. दद्दाच्या पैशांतून मिक्सर घेतला आणि शेजारणींना दाखवला. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आम्ही उधारीच्या अंथरुणावर पाय पसरून वर कूसही बदलत होतो.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं. पार्वताबाई म्हणजे साधी बाई नव्हे. सासरे, टिकारामजी, याच कारखान्यात होते. आमच्या वस्तीचं, रांझीचं बुद्धविहार बांधलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी विटा वाहायला पहिले तेच. ते गेल्यावरही दर वर्षी चौदा एप्रिलच्या वर्गणीत आमच्या घराचं नाव वरच्या पाचात राहिलं पाहिजे, हा सासूबाईंचा कायदा. त्या म्हणाल्या, चूक झाली ती झाली, हळूहळू फेडू, पण गल्लीत कोणाला कळता कामा नये.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, विनता," त्या म्हणाल्या.

"आई, मूठ झाकून ठेवायले शंभराले दहा द्या लागते," मी म्हटलं. "मी उघडून राहिली."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पाटल्या घेऊन सराफ्यात गेले. आईने मला दिलेल्या, लग्नातल्या दोनच. सोनाराने घासून पाहिल्या, घट धरली आणि सहा हजार दोनशे सांगितले. मी घासाघीस केली नाही. रिकामा हात कसा दिसतो ते बघायची इच्छा नव्हती, म्हणून पदर मनगटापर्यंत ओढून घेतला. मग बस पकडून सरळ कारखान्याच्या गेटवर.

दद्दा मिठाईच्या दुकानात खुर्चीवर बसला होता. समोर लाल फडक्यात पासबुकांचा गठ्ठा. सुट्टी व्हायला वेळ होता, पण चहाच्या टपरीवर दुसऱ्या पाळीचे दहा-पंधरा लोक उभे होते. मी नाव सांगितलं तेव्हा तो गोड हसला. बहू, औरतें इसमें नहीं पड़तीं, म्हणाला, रत्नाकरला पाठव.

"दद्दा, पैसा मेरे ही हाथ में आया था," मी म्हटलं. "तो हिसाब भी मैं ही करूँगी."

मी सहा हजार मोजून टेबलावर ठेवले. साडेपाच हजार मुद्दल आणि पाचशे तुमच्या चहापाण्याचे, म्हटलं. तो चौदाशे कमी आहेत म्हणायला लागला. मी वाद घातला नाही. फडकं उघडं होतं. वरचं पासबुक उचलून त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. दुसरं उचललं, तेही वाचलं. टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. तिसरं उचललं तेव्हा एका माणसाने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि टपरीच्या मागे सरकला. त्याचंच असावं. त्याची मला दया आली, पण थांबले नाही. ही सगळी पासबुकं इथे कशी, हे बँकेत जाऊन विचारते, एवढंच म्हटलं. दद्दाने गठ्ठ्यातून आमचं पासबुक स्वतःच काढून दिलं. सह्या केलेले सात फॉर्म मी मागून घेतले आणि तिथेच उभी राहून फाडले.

स्कूटर त्याच आठवड्यात विकली. आलेल्या पैशांत तिच्यासाठी कारखान्याच्या सोसायटीतून काढलेलं कर्ज फिटलं, हाती काही उरलं नाही. टीव्ही दुकानदाराने परत नेला. मिक्सर परत घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून मिक्सर राहिला. रत्नाकरने सासऱ्यांची सायकल काढली, तेलपाणी केलं, आणि एक तारखेपासून साडेपाचला घरी यायला लागला. पण येताना गल्लीच्या तोंडाशी उतरायचा आणि मान खाली घालून सायकल ढकलत आणायचा. कोणी 'आज जल्दी भैया?' विचारलं की तब्येत बरी नाही सांगायचा. मी दारातून ऐकायची. कर्ज फेडलं ते माझ्या पाटल्यांनी, पण खोटं अजून त्याच्याजवळच होतं. ते काही सराफ्यात मोडून येत नाही.

दहा एप्रिलला बाबाराव पावतीपुस्तक घेऊन आले. बाबाराव म्हणजे विहार कमिटीचे कोषाध्यक्ष, सासऱ्यांचे दोस्त. मागच्या जयंतीला रत्नाकरने भर सभेत सांगितलं होतं, पुढच्या वर्षी आमचे एक हजार एक. तेव्हा ओव्हरटाइम जोरात होता. बाबारावांनी पेन उघडला आणि आकडा लिहायच्या आधी सहज वर पाहिलं.

"अकरा लिहा," मी म्हटलं.

सासूबाई आतून बाहेर आल्या. सासऱ्यांच्या घरातून अकरा रुपये? त्यांनी सांगून टाकलं की हजार एकच लिहा, सोय होईल. बाबारावही बिचारे म्हणाले की नाव आता लिहितो, पैसे सावकाश द्या, अर्ध्या गल्लीचे असेच आहेत. रत्नाकर दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होता.

"उधारीची वर्गणी देऊ नये, बाबारावजी," मी म्हटलं. "बाबासाहेबांच्या फोटोपुढं खोटा आकडा वाचणार काय?"

मी अकरा रुपये दिले, पावती घेतली. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढली की खायच्या, पण दुसरी मागायच्या नाहीत. मला वाईट वाटत होतं. त्यांच्यासाठी ती वर्गणी म्हणजे नवऱ्याचं नाव वर्षातून एकदा सगळ्यांनी ऐकणं होतं, आणि तेच मी काढून घेतलं होतं. पण माघार घेतली नाही.

चौदाला सकाळी वंदना झाली, झेंडा झाला. विहाराच्या अंगणात सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत बसल्या होत्या, पुरुष पलीकडे. सासूबाईंनी प्रतिमाला मांडीवर घेतलं होतं आणि बरोबर पुरुषांच्या कडेला, रत्नाकरच्या मागे बसल्या होत्या, शेजारी मी. भाषणं संपली की वर्गणीची यादी वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. मोठ्या आकड्यापासून लहानाकडे. भोंगा बस थांब्यापर्यंत ऐकू जातो. ज्यांचा आकडा मोठा ते आधी सुटतात, आणि ज्यांचा लहान त्यांना उन्हात शेवटपर्यंत बसावं लागतं.

हजार एकवाले झाले. पाचशे एकवाले झाले. मग दोनशेवाले. बाबारावांनी पान उलटलं, चष्मा सावरला.

"रत्नाकर टिकारामजी गजभिये," ते म्हणाले, "एकशे अकरा रुपये."

मला लगेच कळलं. बाबारावांनी स्वतःच्या खिशातले शंभर टाकले होते. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. गेटवर, घरात, सगळीकडे तोंड चालवणारी मी, तिथे गप्प बसले. एकशे अकरा वाईट नव्हते. कोणी हसलं नसतं. सासूबाईंनी डोळे मिटले होते आणि मला वाटलं, जाऊ दे, एवढं तरी त्यांना मिळू दे.

रत्नाकर उभा राहिला.

"बाबारावजी, थांबा," तो म्हणाला. "माह्ये अकराच आहेत."

बाबारावांनी हाताने बस बस केलं. "चलो, हो गया ना, बस खाली," ते हळूच म्हणाले, पण माइक चालू होता, त्यामुळे तेही बस थांब्यापर्यंत गेलं.

"वरचे शंभर तुमचे आहेत. तुमच्या नावानं वाचा," रत्नाकर म्हणाला. मग तो खाकरला. "माह्या सेक्शनचा ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद आहे. माह्याजवळ अकराच होते."

पुरुषांत मागे कोणीतरी हसलं. दोन-तीन जणांनी माना खाली घातल्या. त्यातला एक मी गेटवरच्या टपरीवर पाहिलेला होता. बाबाराव यादीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन काढून काहीतरी खोडलं. आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून रत्नाकर खाली बसायला वाकला.

सासूबाईंनी मागून त्याच्या कोपराला हात लावला.

"बसू नको," त्या म्हणाल्या. "तुह्यं नाव अजून यायचं आहे."

तो पुन्हा सरळ झाला. बाबारावांनी यादी पुढे चालू केली. एकशे एकवाले तीस-पस्तीस होते, मग एकावन्न, मग एकवीस. ऊन चढलं होतं. त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला, पण तो हलला नाही. इकडे तिकडे पाहिलं नाही, मानही खाली घातली नाही. प्रतिमा आजीच्या मांडीवरून उठून त्याच्या सावलीत जाऊन बसली. मी मात्र रडत होते, आणि ते लपवायचं काही कारण नव्हतं.

यादीत सगळ्यात शेवटी त्याचं नाव आलं. बाबारावांनी बापाच्या नावासकट, सावकाश, पूर्ण वाचलं. अकरा रुपये.

तेव्हा तो बसला. सासूबाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळलं नाही काय पाहिजे. मग मी ब्लाउजमधून पावती काढून दिली. त्यांनी ती वाचता येत नसूनही दोन्ही बाजूंनी पाहिली, चार घड्या घातल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून ठेवली.