सहावा शब्द

विसरभोळ्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासणं हे माझं काम. मी पाच शब्द म्हणते: खुर्ची, लिंबू, छत्री, घोडा, चमचा. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारते आणि शेवटी विचारते, "आठवेल तेवढंच सांगा. घाई नाही."

या आठवड्यात एका शिंपीकाकांनी पाचही शब्द बरोबर सांगून वर "झोपाळा" जोडला. असं होतं. डोकं आपल्या मनाने भर घालतं. आम्ही त्याला खोटी आठवण म्हणतो. पण पाठोपाठ एका निवृत्त शिक्षिकेनेही झोपाळाच सांगितला, आणि ज्या आजोबांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवेना, त्यांनीसुद्धा. माझं टाळकंच सटकलं. बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना पढवतात की काय हे लोक?

मी त्या तिन्ही तपासण्यांचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. चमच्यानंतर माझ्याच आवाजात, अगदी शांतपणे, "झोपाळा" ऐकू आलं. तिन्ही वेळा.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी आईला विचारलं, "आपल्याकडे कधी झोपाळा होता का गं?"

भाजी निवडणारे तिचे हात थांबले. "होता. तुझी धाकटी बहीण गेली, तेव्हा बाबांनी काढून टाकला."

"काहीतरीच काय! मी एकुलती एक आहे."

आईने माझा हात हातात घेतला.

"आठवेल तेवढंच सांग, बाळा. घाई नाही," ती म्हणाली. "तेव्हाही आम्ही तुला असंच विचारत होतो. झोका तूच देत होतीस ना?"