काहिलीत कोण बसणार?

काळेवाडीच्या खालच्या अंगाला, पवनेच्या डोहाकाठी, वाळूत उपडी पडलेली मी तुम्ही पाहिली असेल. गुराखी पोरे माझ्या पाठीवर दगड वाजवतात आणि पळतात. वाजवोत बापडी. माझा राग त्यांच्यावर नाही. तो ज्याच्यावर आहे ते सांगायलाच आज बसले आहे. मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. लोखंडाची, परातीसारखी पसरट, आणि दोन माणसे मांडी घालून बसतील एवढी मोठी.

चाकणच्या मीरासाहेब लोहाराने मला घडवले. पत्रे तापवले, ठोकले, खिळ्यांनी सांधले. माझा जन्म गुळासाठी होता. पुष्कळ वर्षे मी गुऱ्हाळाच्या चुलाणावर बसून उसाचा रस उकळला. पुढे मालकाने नवी काहील घेतली आणि मला कोंडाजी भोयाने नेले. आपल्या नदीवर मोठ्या होड्या कुठल्या? भोई लोक काहिलीत बसतात, हातातल्या फळीने पाणी कापतात आणि जाळे टाकतात. विस्तवाची सवय असलेली मी पहिल्यांदा गार पाण्यात उतरले तेव्हा गरगर फिरले. कोंडाजी हसून म्हणाला, "भिऊ नगं बाई, ही पन आईच हाय." आणि त्याने पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला.

आषाढ लागला की कोंडाजी जाळी खुंटीला टांगायचा. त्या दिवसांत मासळीच्या पोटात गाभोळी असते, म्हणजे अंडी. पुराच्या पाण्यातून ती वर चढून येते. "बाळंतपनाला आल्याली लेक हाय ती," कोंडाजी म्हणे, "तिच्यावर जाळं कोन टाकतं व्हय?" श्रावण सरेपर्यंत डोह मोकळा. तोवर भोई जाळी विणत, मजुरीला जात आणि देवीच्या सप्ताहात पालखीला खांदा देत. पालखीला पहिला खांदा भोयांचाच. तो त्यांचा पिढीजात मान. मी देवळामागे वाळत पडलेली असे, त्यामुळे कीर्तन मलाही ऐकू येई. टाळांचा गजर वाढला की माझ्या लोखंडात बारीक थरथर उठे. ते सुख मी कोणाला सांगू?

मग पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला. वस्ती वाढली, मासळीला गिऱ्हाईक वाढले, आणि डोहाचा मक्ता दौलतरावांनी घेतला. कालपर्यंत आपल्या मासळीचा धनी असलेला कोंडाजी रोजंदारीवर आला आणि त्याच्याबरोबर मीही. दौलतरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासळीला ते बोटही लावत नसत. "मी खात नाही रे बाबा, मी फक्त पाठवतो," असे ते सगळ्यांना सांगत.

त्यांनी आधी बारीक जाळी आणली. इतकी बारीक, की बोटाएवढे पिल्लूही त्यातून सुटेना. मग भोसरीकडच्या दगडखाणीतून सुरुंगाच्या काड्या आणल्या. काडी पेटवायची, डोहात टाकायची, आणि स्फोट झाला की काहील पुढे घालून पांढरी पोटे वर आलेली मासळी वेचायची. मोठी तेवढी टोपलीत. बारकी वाहून जात. गाभोळी भरलेल्या माद्या फुटून तळाला बसत. मी ते पाहिले आहे, मित्रांनो. आणि प्रत्येक हादऱ्याने माझे सांधे सैल होत गेले, ते मी सोसले आहे.

एका श्रावणात, डोह मोकळा ठेवायच्या दिवसांतच, डोहाच्या मध्यावर माझ्या बुडातून पाणी उसळले. मी कलंडले. कोंडाजी पुरात वाहत गेला आणि खाली एका बाभळीच्या फांदीला अडकला. त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, जाळ्याचा दोर फेकून त्याला ओढून काढले. मला दुसऱ्या भोयांनी काठाला आणून देवळामागे ठेवले.

दौलतरावांनी चाकणहून मीरासाहेबाला बोलावले. म्हातारा झाला होता. त्याने माझ्या बुडावर नख टेकले आणि हातोडा पुन्हा पिशवीत घातला.

"शेठ, पत्र्याचा पापड झालाय. हिला मोडीत घाला."

"तू लोहार आहेस का वैद्य? ठिगळ मार."

"ठिगळ राहील आणि काहील जाईल. वर माणूसही जाईल. ते माझ्या हातून होणार नाही."

मीरासाहेब निघून गेला. दौलतरावांनी गड्यांकडून भोकात गोणपाट कोंबले, वर डांबर ओतले आणि कोंडाजीला बजावले, "उद्या सप्ताहाचा काला झाला की परवा सकाळी डोहात उतरायचं. नसशील येत तर दुसरा भोई बघतो."

कोंडाजी फळी उचलून घराकडे निघाला. सुभद्राबाई मात्र डांबर वाळेपर्यंत माझ्याकडे पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले. कीर्तनकार चिमाजीबुवा उभे होते. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची भाकरी शिळी होती म्हणून देवाने त्याला बाजूला बसवले नाही, उलट त्याचाच घास आधी उचलला, हे बुवांनी असे गाऊन सांगितले की मंडप गहिवरला. सप्ताहाचे यजमान दौलतराव पुढेच बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, असे भोई सांगत. ते रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. माझा संताप त्याचाच आहे. एवढे खरे पाणी डोळ्यांत आले, आणि ते देवळापासून नदीपर्यंतही पोचले नाही.

पालखी निघायची वेळ झाली. भोयांना हाक गेली. भोई आले, पण त्यांच्या खांद्यावर मी होते. त्यांनी मला पालखीसमोर ठेवले.

"हे काय आरंभलंय, कोंडाजी?" दौलतराव म्हणाले.

उत्तर सुभद्राबाईने दिले. "पालखीला खांदा देनार की, मालक. पन आधी तुमी हिच्यात बसा. डोहाचा एक फेरा मारून आनतो. तुमाला फळीबी हातात धराया नगं."

मंडपात कोणीतरी फिसकन हसले. दौलतराव म्हणाले, "सुभद्रे, देवापुढं चेष्टा करतेस?"

"चेष्टा कशाची? रोज ह्यो बसतो. एक डाव तुमी बसा."

दौलतराव जागचे हलले नाहीत. तेव्हा चिमाजीबुवांनी गळ्यातली वीणा उतरवून एका टाळकऱ्याकडे दिली. "चला, मी बसतो," ते शांतपणे म्हणाले. "सात दिवस यजमानांचं अन्न खाल्लं. ते याच वाटेनं आलं असणार." आणि त्यांनी धोतर सावरून एक पाय माझ्यात टाकला.

"बुवा, नको," दौलतराव पुढे धावले. "त्यात नका बसू. ती बुडते."

सुभद्राबाई हळू आवाजात म्हणाली, "मंजी मालकास्नी ठावं हुतं."

दौलतरावांना मान वर करता येईना. बुवांनी पाय काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "यजमान, आता बोला. देवी ऐकतेय."

पालखीच्या दांडीवर हात ठेवून दौलतरावांनी शब्द दिला: भोयांना नवी लाकडी होडी, सुरुंग बंद, पिल्ले सुटतील अशी मोठ्या डोळ्यांची जाळी, आणि श्रावण सरेपर्यंत डोह मोकळा. मग कोंडाजीने खांदा दिला.

होडी आली. पुढच्या वर्षी डोहात बारकी मासळी पुन्हा दिसू लागली, आणि मी या वाळूत पडले, ते बरेच झाले. पण हा झाला एक डोह. इंद्रायणीच्या बाजूने अजून सुरुंगाचा आवाज येतो आणि माझ्या अंगाखालची वाळू हादरते. तिकडे कुठलीतरी डांबर फासलेली काहील असेल आणि तिच्यात कुण्या बाईचा नवरा बसलेला असेल.

मित्रांनो, तुम्ही मासळी खात असाल किंवा माळकरी असाल. बाजार सगळ्यांचाच आहे. मासळीच्या टोपलीपाशी थांबा. ही कोणत्या महिन्यात धरली, कशाने धरली, आणि धरणारा घरी पोचला का, एवढे विचारा. विकणारा चिडला तरी विचारा. देवीच्या देवळात एका बाईने असाच जाब विचारला, म्हणून कोंडाजी आज जिवंत आहे.