मुंद्रा भवनातली जिन्याखालची खोली

“अल्पेशशेठ, ही जिन्याखालची खोली कोणाची?” सर्व्हेवाल्याने विचारलं.

मी घड्याळाच्या दुकानातून मान बाहेर काढली. घाटकोपरचं आमचं मुंद्रा भवन पाडायचं होतं. आजच्या यादीत ज्याचं नाव येईल त्याला नव्या इमारतीत जागा, बाकीच्यांना रस्ता. आम्ही सगळे दुकानदार सकाळपासून भाडेपावत्या मांडीवर घेऊन बसलो होतो. जिन्याखालच्या शेवंतीकडे पावती नव्हती.

अल्पेशचे आजोबा, आमचे बापा, कच्छमधून आले, फुटपाथवर डाळी विकल्या आणि ब्याऐंशी साली ही बिल्डिंग बांधून तिला गावाचं नाव दिलं. त्याच वर्षी गिरणी सुटलेला धोंडू इथे वॉचमन झाला आणि त्याची बायको शेवंती जिन्याखाली राहायला आली. धोंडू वारला तेव्हा बापा तिच्या नावाची पावती करून घेऊन आले. मी तिथेच होतो. बाई चक्क रागावली.

“पावती परक्यांका देतत, बापा. आमी काय परके?”

बापांनी डोळे पुसत पावती फाडून टाकली. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं! तेव्हाच तिला अडवायला हवं होतं.

“अल्पेश, चाळीस वर्षं राहतेय ती,” मी म्हणालो.

“श्यामकांतकाका, तुम्ही मध्ये पडू नका ना. तुमची रस्त्याकडची जागा अजून फायनल नाही.”

मी मांडीवरच्या पावत्या सारख्या करत बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो.

अल्पेशने शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला. “मावशी आमच्या घरच्याच आहेत. वेगळं नाव कशाला लिहायचं?”

म्हातारीचा चेहरा फुलला. सर्व्हेवाल्याने मान डोलावली आणि खोली अल्पेशच्या नावावर लिहिली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

“आणि माझा नाव?”

“पावती आहे का, आजी?”

तिने अल्पेशकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. खोटं बोल गं, हरवली म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं.

“बापा देत होते,” ती म्हणाली. “मियाच घेतलंय नाय.”

सर्व्हेवाल्याने खोली मोजायला टेप काढली. दुसरं टोक धरायला कोणी पुढे येईना. मीही उठलो नाही. शेवंतीने ट्रंक बाजूला सरकवली, टोक हातात घेतलं आणि वाकून भिंतीच्या कोपऱ्यात घट्ट दाबून धरलं.

“हलवू नका हं, आजी.”

“नाय हलवणंय,” ती म्हणाली. “तुमी लिवा.”