दुसरी धाव

सगळा संघ तिला मास्तरीण म्हणायचा. पाठीमागेही आणि तोंडावरही. नेटमध्ये कुणी चुकलं की ती अशी झापायची, की पुढच्या चेंडूला बॅट आपोआप सरळ यायची. फक्त भिंगरी तिला ताई म्हणायची.

भिंगरी संघातली सगळ्यांत धाकटी, आणि दौऱ्यावर तिच्याच खोलीत राहणारी. रोज सकाळी भिंगरी ताईची वेणी घालायची. का, ते त्या दोघींना आणि कर्णधाराला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ताईचा उजवा हात डोक्यामागे जातच नव्हता. गोलंदाजी ती अजून निभावून न्यायची. इंजेक्शन घ्यायचं, हात जरा आडवा टाकायचा आणि बाकीचं डोक्याने करायचं. फिरकीत तेवढं खपून जातं. फेक मात्र पार गेली होती. म्हणून कर्णधार तिला हटकून यष्टीजवळच, स्लिपमध्ये उभी करायची आणि वर म्हणायची, "म्हातारं हाड आहे, कशाला पळवायचं?" सगळ्या हसायच्या. मास्तरीणही हसायची, सगळ्यांत मोठ्यांदा.

खरं तर एके काळी तिच्या फेकीची दहशत होती. सीमारेषेवरून चेंडू थेट कीपरच्या हातात. ती फेक, ती फिरकी, शिवाय सहाव्या क्रमांकावरची बॅट. लोक कौतुकाने अष्टपैलू म्हणायचे. ती म्हणायची, "अष्टपैलू कसली! मुलीच कमी पडायच्या, म्हणून सगळंच करावं लागायचं." देशाकडून पहिल्यांदा खेळली तेव्हा अंगावर पुरुषांचा उरलेला गणवेश होता, कमरेला पिना लावून आवळलेला. प्रेक्षकांत मैदानाचा पहारेकरी, आणि तोही डुलक्या काढत. पुढची कितीतरी वर्षं तसंच चाललं. मग कुठे दिवस पालटले. तिकिटं लागली, कॅमेरे आले, लहान लहान पोरी पाठीवर तिचा क्रमांक लिहून ओरडायला लागल्या. आणि नेमका तेव्हाच खांद्याने दगा दिला. आयुष्यभर रिकाम्या बाकांसमोर राबलेल्या बाईला भरलेलं मैदान चार दिवस तरी सुखाने बघू द्यावं की नाही? पण नाही!

विश्वचषक तोंडावर आला होता. तिचा हा शेवटचा, हे तिला कळत होतं. एवढा एक खेळायला मिळावा, मग कुणी थांब म्हणायची वाट बघणार नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

संघ निवडण्याआधी आपापसांत दोन गट पाडून एक सामना ठेवला होता. कर्णधार आणि भिंगरी पडल्या दुसऱ्या गटात. ताईच्या गटाची सूत्रं एका नव्या मुलीकडे दिलेली, आणि त्या बापडीला काय माहीत? तिने मोठ्या आदराने ताईला थेट सीमारेषेवर पाठवलं. "तिकडे तुमच्यासारखं कुणी हवं." नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. निवड समिती वरच्या गच्चीत डोळ्यांत तेल घालून बसलेली. ती गेली.

पहिला चेंडू तिच्याकडे आला. तिने तो उचलला आणि हात मागे नेल्याचा नुसता आव आणला. पळणाऱ्या दोघी जागच्या जागी थबकल्या. जुन्या नावावर भागलं. मग तिने चेंडू हळूच शेजारच्या मुलीकडे सरकवला.

मग भिंगरी खेळायला आली. तिची जागा अजून पक्की नव्हती. फटक्यांत जोर बेताचा. तिची सगळी पुंजी पायांत. दुसरी धाव चोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते शिकवलं होतं ताईनेच. "चेंडूकडे काय बघतेस? तो उचलणारीच्या खांद्याकडे बघ. खांदा सांगतो, दोन आहेत की एक." नेटमध्ये ताई ओरडायची, "दोन!" आणि भिंगरी गर्रकन वळायची. हे इतके महिने चाललं होतं, की झोपेतही वळली असती.

भिंगरीने चेंडू नेमका ताईच्या दिशेने ढकलला. दोन धावा सहज होत्या, आंधळ्यालाही दिसल्या असत्या. भिंगरीने एक घेतली आणि हात वर करून थांबली. तिची जोडीदार अर्ध्यावर आलेली, ती धडपडत मागे पळाली आणि ताईच्या शेजारच्या मुलीच्या फेकीवर बाद होता होता वाचली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गच्चीत निवड समितीच्या प्रमुखबाई शेजारणीच्या कानाला लागल्या आणि त्यांनी मान हलवली.

ताईला ते दिसलं आणि ती आतून हलली. दुसरी धाव घेतली तर ताईला फेकावं लागेल, म्हणून पोरगी आपल्याला झाकतेय, आणि त्यापायी स्वतःचीच पुंजी मातीत घालतेय.

तिसऱ्यांदा चेंडू तिच्याकडे आला. भिंगरीने पहिली धाव पुरी केली आणि पुन्हा हात वर करू लागली. आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाईच्या तोंडून, सीमारेषेवरून, सगळं मैदान ऐकेल असा आवाज निघाला, "दोन!"

भिंगरी गर्रकन वळली. विचार करायला वेळच नव्हता. पाय त्या आवाजाचे गुलाम. ताईने चेंडू उचलला आणि या वेळी खरोखर फेकला. तो दोन टप्पे पडला, गवतात घरंगळला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्याकडे धावायचं कुणाला सुचेना. खांद्यातली कळ डोळ्यांत आली होती.

दुसरी धाव पुरी करून भिंगरी नुसती बघत उभी राहिली.

"तिसरीपण आहे," ताई म्हणाली. "पळ."

आणि भिंगरी रडत रडत पळाली.

संध्याकाळी संघ जाहीर झाला. भिंगरी होती, मास्तरीण नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत भिंगरीने तिला गाठलं.

"का ओरडलीस? मला दिसत नव्हतं का दोन आहेत?"

"तुला दिसत होतं गं. पण वर बसलेल्यांना कसं कळावं, की तुला दिसतंय?"

"तुझा विश्वचषक होता, ताई."

"होता," ती म्हणाली. पुढे काहीतरी गमतीचं बोलायचं तिच्या मनात होतं, पण ते काही केल्या जमेना.

ताई घरी निघाली त्या दिवशी सकाळी भिंगरीने तिची वेणी घातली. "घट्ट घाल," ताई म्हणाली. "लांबचा प्रवास आहे."

घरी आई दारातच उभी होती. लेक शाळेच्या संघात होती तेव्हा सामन्याच्या सकाळी आईच वेणी घालायची. आता म्हातारीची बोटं वाकडी झाली होती. तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, वेणी चाचपली.

"छान घातलीय गं. कुणी?"

इतके दिवस कोरडी राहिलेली मास्तरीण तिथेच उंबऱ्यावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. आई शेजारी टेकली. मग म्हणाली, "डोकं दुखत असेल. सोडू का वेणी?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे अजून."