दोरानं शंभर हात

दोरवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण हळू आवाजात होणं शक्यच नव्हतं. कामच तसं. ती घराच्या दाराशी बसून पीळ देणाऱ्या चाकाची मूठ फिरवणार आणि हा कमरेला घायपाताच्या वाखाचं पेंडकं बांधून, बोटांतून धागा सोडत, एकेक पाऊल मागं सरकत रस्त्याकडं जाणार. पहिल्या चार पावलांत कुजबुजलं तरी भागायचं. विसाव्या पावलावर आवाज चढवावा लागायचा आणि पार रस्त्याला टाच टेकली की ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यामुळं त्यांच्या घरातली गोष्ट आधी गावाला कळायची आणि मग त्यांची त्यांना.

त्या सकाळी भांडण म्हशीवरून होतं.

"म्हैस विकायची नाही," ती म्हणाली. तो अजून जवळच होता.

"कोण विकतंय?"

"मग काल मास्तरांना काय सांगून आलात?"

"विचार करतो म्हणालो."

"तुमचा विचार मला माहीत नाही होय? विचार करतो म्हणालात की समजायचं, बोलून बसलात!"

"अगं, जागा गेली तर म्हैस बाहेर कशी काढशील? डोक्यावर घेऊन?"

"म्हैस विकून जागा घेतली, तर त्या जागेत बांधू काय? तुम्हाला?"

हे शेवटचं वाक्य रस्त्यापर्यंत खणखणीत पोचलं. पलीकडं गिरणीच्या दारात गिरणीवाला भुवयांपर्यंत पिठानं माखून उभा होता. तो पोट धरून हसला आणि ओरडला, "वहिनी, म्हशीची काळजी नको! दूध आम्हीच घेतो, म्हैसही आम्हीच घेऊ!"

दोरवाल्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक दार. तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. दार उघडायचं ते मास्तरांच्या मोकळ्या जागेत आणि ती जागा ओलांडली की रस्ता. मास्तरांच्या वडिलांनी दोरवाल्याच्या वडिलांना तोंडी सांगितलं होतं, जा-ये कर, दोर वळ, कोण नको म्हणतंय. दोन पिढ्या कुणी म्हटलंही नाही. आता मास्तर कायमचे मुलीकडं राहायला निघाले होते. जागा विकायला काढली होती. गिरणीवाल्याला ती सगळीच हवी होती, गोदाम बांधायला. मास्तर माणूस सरळ. ते म्हणाले, "चार हात रुंदीची पट्टी आधी तुला. तुझ्या दारापासून सरळ रस्त्यापर्यंत. येत्या बाजाराच्या दिवशी हो की नाही ते सांग. नंतर माझा इलाज नाही."

दोरवाल्याला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. घ्यावी तर कशासाठी? बाजारात प्लास्टिकचा दोर किलोवर मिळत होता, रंगीबेरंगी, कुजत नव्हता. वाखाचा दोर आता जुनी चार माणसं घेत होती. ती संपली की धंदाही संपणार. मुलगी आपल्या घरी सुखात होती, ती काही वाख सोलायला परत येणार नव्हती. म्हणजे हातातली एकुलती म्हैस देऊन मरणाऱ्या धंद्यासाठी जमीन घ्यायची. आणि न घ्यावी, तर गोदामाची भिंत थेट उंबऱ्याशी येणार. घर विकून जावं म्हटलं, तर वाट नसलेलं घर घेणार कोण? गिरणीवालाच. तोही म्हणेल त्या भावानं. इकडं आड, तिकडं विहीर आणि मधे हा.

"काय करू, सांग ना," तो बायकोला म्हणाला.

"मला कशाला विचारता? मी नको म्हटलं तरी घ्यायचीच आहे, आणि घ्या म्हटलं तर उद्या म्हणाल तूच सांगितलंस."

पण बाजाराच्या दिवशी सकाळी तिनंच म्हशीचं दावं सोडलं. रेडकापासून वाढवलेली म्हैस. तिच्या कपाळावरून दोनदा हात फिरवला, दाव्याचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. दावंही त्यानंच वळलेलं होतं. ते गिरणीवाल्याच्या हाती देताना त्याला फार वाईट वाटलं.

कागद लिहायला मास्तर स्वतः बसले. अक्षर मोत्यासारखं. "लांबी लिहितो, दारापासून रस्त्यापर्यंत," ते म्हणाले.

इथं दोरवाल्याचा पीळ आडवा आला. त्याच्याकडं पन्नास हातांचा एक दोर होता, त्याच्या वडिलांनी वळलेला, दर हातावर गाठ मारलेला. गावातलं कुठलंही कुंपण, कुठलाही बांध त्या दोराशिवाय मोजला जात नसे. दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते, तेव्हाही हाच दोर मधे पडला आणि भांडण मिटलं. दोरवाल्याला दुसरं भूषण नव्हतं. उन्हाळ्यात त्यानं ही जागा मोजलेली होती. बरोबर दोन दोर, म्हणजे शंभर हात.

"रस्ता काय, आज इथं आहे, उद्या रुंद होईल," तो म्हणाला. "शंभर हात लिहा, मास्तर. दोरानं शंभर हात. रस्ता हलेल, दोर हलायचा नाही."

"अरे, पण रस्त्यापर्यंत लिहिलं तर..."

"शंभरच लिहा."

मास्तरांनी शंभर लिहिलं. उरलेली सगळी गिरणीवाल्याच्या नावावर. सह्या झाल्या, अंगठे झाले. आता पंचांसमोर मोजून खुंट्या ठोकायच्या तेवढं राहिलं. गावाची रीत अशी, की पंचांसमोर ठोकलेली खुंटी पुन्हा उपटायची नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी दोरवाल्यानं आढ्यावरून दोर काढला. धुरानं काळा, चिखलानं कडक झालेला. आजवर तो दुसऱ्यांच्या जमिनी मोजत आला, उद्या पहिल्यांदा स्वतःची मोजणार होता. त्याला वाटलं, हा असा मळका दोर चारचौघांत कसा न्यायचा? त्यानं तो चांगला बादलीत बुडवला, चोळचोळून धुतला आणि दारात वाळत घातला. पावसाळा सरत आला होता, पण आभाळ मोकळं होत नव्हतं. सकाळी दोर सोनेरी दिसत होता आणि हाताला गार लागत होता.

पाच पंच जमले. ते दोघे भाऊही आले. काळ्या चिखलात चपला रुतत होत्या, म्हणून सगळ्यांनी त्या हातात घेतल्या. पहिला दोर पडला, खुंटी ठोकली. तिथून दोर दुसऱ्यांदा ताणला. दोरवाला स्वतः टोक धरून मागं मागं गेला. शंभरावी गाठ हातात आली तशी पंचांनी तिथं खुंटी ठोकली. मग त्यानं मागं वळून पाहिलं. रस्ता अजून चार हात लांब होता.

क्षणात त्याच्या सगळं ध्यानात आलं. ओला वाख फुगतो आणि फुगला की दोर आखडतो. हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. आणि दोर धुताना नेमकं तेच आठवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"थांबा," तो म्हणाला. "दोर ओला आहे. आखडलाय. वाळू द्या, परत मोजू."

गिरणीवाल्यानं हळूच विचारलं, "म्हणजे तुझा दोर खोटा मोजतो?"

"खोटा नाही. ओला असला की..."

"माझी गिरणी कधी मोजलीस? पावसाळ्यातच ना? मग तीही चुकली म्हणायची."

दोघा भावांतला थोरला पुढं आला. "आणि आमचा बांध? तो तर भर पावसात मोजला होतास!"

"म्हणजे माझी जागा तुझ्याकडं गेली," धाकटा म्हणाला.

"तुझी कशी? माझी गेली!"

दोघांच्या मुठी वळल्या. पंचांची तोंडं उतरली. त्यांतल्या तिघांची कुंपणं याच दोरानं पडलेली होती. म्हाताऱ्या पंचानं घसा साफ केला. "हे बघ, तुझ्या बापाचा दोर आहे तो. त्यावर आम्ही गाव मोजलं. तो आखडत नाही. आखडला असेल, तर तुझं मन आखडलंय. दोन वाक्यांत गावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालतोस होय? शंभर म्हणालास, शंभर मिळाले."

दोरवाल्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तूच लिहायला लावलंस रे," ते म्हणाले, आणि त्यांनाही खरंच वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं." पुढचं तिनं बोलायचं सोडून दिलं.

गिरणीवाल्यानं त्या चार हातांवर भिंत घातली नाही. तेवढा तो मूर्ख नव्हता. त्यानं तिथं पोती रचली. दोरवाला टोकाशी येऊन हाक मारायचा, "शेठ, येऊ का?" काल-परवापर्यंत तो त्याला अरेतुरे करत होता. गिरणीवाला कधी नाही म्हणाला नाही. चहा संपवायचा, तोंड पुसायचा, मग सावकाश दोन पोती बाजूला करायचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत. दोरवालीण एकदा न विचारताच पोती ओलांडून गेली, तर दुसऱ्या दिवशी तिथं पोत्यांची दुहेरी रांग होती. दोर वळतानासुद्धा शेवटची चार पावलं विचारून टाकावी लागायची.

असे दोन महिने गेले. एके दिवशी दोरवाला डोक्यावर दोराची भेंडोळी घेऊन बाजाराला निघाला. गिरणीवाला पोत्यावर बसलेला होता. उठला नाही.

"तुझ्याकडं काम आहे. रस्त्याकडचा कोपरा सायकलवाल्याला देतोय. बिचारा किती वर्षं झाडाखाली पंक्चर काढतो, त्याला दुकान टाकायचंय. पन्नास हात लांब. सोमवारी पंच येतील, तू दोर घेऊन ये."

"येतो."

"आणि हो," गिरणीवाल्यानं आवाज खाली आणला, "जरा धुऊन आण. मळका दोर चारचौघांत बरा दिसत नाही."

दोरवाल्याच्या मानेवर ओझं होतं. खाली टाकायला जागा नव्हती. मागं फिरावं, तर भेंडोळी विकायची कुठं? पुढं पोती, पोत्यावर गिरणीवाला आणि त्याच्या पाठीमागं उघडा रस्ता. त्यानं डोक्यावरची भेंडोळी सावरली.

"बरं," तो म्हणाला.

गिरणीवाल्यानं उठून दोन पोती सरकवली.

रविवारी दुपारी दोरवाल्यानं बायकोला सांगितलं, "बादली भर." तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. आढ्यावरून दोर काढला, त्याच्या मांडीवर आणून टाकला आणि म्हणाली, "हे पाप मला सांगू नका." मग आत गेली आणि आडवी पडली. त्यालाच उठून पाणी भरावं लागलं.

दोर बादलीत बुडला. बुडबुडे आले. एवढ्यात रस्त्यावरून सायकलवाल्यानं पोत्यांवरून मान उंचावून हाक दिली. नवीन शर्ट घातला होता त्यानं.

"दादा, उद्या येताय ना? लोक काय काय बोलतात, गिरणीवाल्याशी व्यवहार करू नको म्हणून. मी म्हटलं, दोर आपल्या दादांचा आहे, मला कसली भीती? पंचांनीच सांगितलंय, तो आखडत नाही!"

दोरवाल्यानं बादलीतून ओला हात काढला आणि उंच करून त्याला दाखवला, येतो म्हणून.